मेंढरांतला बागाईतकर

त्याला सगळे बागाईतकर म्हणायचे. कोपरगावकडे, गोदावरीच्या कालव्याखाली, त्याच्या घरचा ऊस होता, आणि तो ऊस सोडून हा माणूस आमच्या उजाड माळावर मेंढरांची नोकरी करायला आला होता. म्हणून ते नाव. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण साहेबसुद्धा ते वापरत नसत. मीही इथं वापरत नाही. इतकी वर्षं ज्याचा हेवा केला त्याचं नाव अजून माझ्या तोंडातून सरळ निघत नाही.

एकाहत्तर सालची गोष्ट. नगर जिल्ह्याच्या कोरड्या पठारावर एक सरकारी मेंढी केंद्र होतं. आम्ही दोघं तिथं पर्यवेक्षक. केंद्रात मेरिनो आणि रॅम्बुले जातीचे परदेशी मेंढे होते. मानेला कातड्याच्या घड्या, लोकर डोळ्यांवर आलेली, चालायचे ते लग्नातल्या जाड्या पाहुण्यासारखे. त्यांचा आणि आमच्या काळ्या दख्खनी मेंढ्यांचा संकर करायचा, मऊ पांढऱ्या लोकरीची कोकरं तयार करायची आणि ती वाढली की त्यांतले नर गावोगाव वाटायचे, असं ते काम होतं.

मी जातीनं धनगर. वडील, त्यांचे वडील, त्यांचेही वडील मेंढरांमागं चालत गेले. मी मात्र नगरला वसतिगृहात राहून शिकलो, पशुसंवर्धनाचं प्रशिक्षण घेतलं आणि पँट घालून मेंढरांत परत आलो. मला मेंढरांमागं चालायचं नव्हतं, मेंढरांची फाईल सांभाळायची होती. माझी रजिस्टरं इतकी स्वच्छ असायची की तपासणीला आलेला माणूस खूश होऊन जायचा. निदान बागाईतकर येईपर्यंत तरी.

तो आला त्या दिवशी शेडमध्ये शिरताना त्यानं मेंढरांना रामराम घातला. मला वाटलं, गंमत करतोय. पण तो रोज घालायचा, आणि एखाद्या दिवशी विसरला तर अर्ध्या वाटेतून परत जायचा. कळप चरायला काढला की आपण सगळे मागून चालतो. हा पुढून चालायचा, तोही उलटा, मेंढरांकडे तोंड करून. एकदा असाच निवडुंगात बसला. आठ दिवस त्याला नीट बसता येईना, तरी सवय गेली नाही. मी विचारलं तर म्हणाला, मागून नुसती ढुंगणं दिसतात, ओळख तोंडानं होते. संध्याकाळी मी गेटवर उभा राहून मेंढरं मोजायचो. तो मोजायचा नाही. नुसता बघायचा आणि सांगायचा, ती तुटक्या कानाची आली नाही, तिची थोरली लेकही नाही, दोघी ओढ्याला असतील. माझ्या मोजणीत दोन कमी भरायच्या आणि दोघी ओढ्याला सापडायच्या.

त्याच्या खिशात कायम पाच-सहा पाकिटं असायची, प्रत्येकात लोकरीचा एक झुबका. भेटेल त्याच्या अंगावरचं लोकरीचं कापड चिमटीत धरून बघायची त्याला खोड होती. एकदा पुण्याहून मोठे अधिकारी आले. थंडीचे दिवस, अंगात कोट. मी रजिस्टरं मांडून उभा. बागाईतकरानं चहा द्यायला वाकल्यासारखं करून त्यांच्या कोटाची कड धरली आणि अगदी हळहळून सांगितलं की साहेब, यात लोकर निम्मीच आहे, तुम्हाला फसवलंय. मला वाटलं, संपला हा. पण ते गृहस्थ हसले, त्याच्या शेजारी बाकावर बसले आणि तासभर त्याची पाकिटं बघत राहिले. माझ्या रजिस्टरांवर सही करायची राहून गेली. पुढं त्यांचं पत्र यायचं त्यात शेवटी हमखास एक ओळ असायची, ‘बागाईतकर कसे आहेत?’

हे मी सोसलं असतं. नोकरीत असं चालतंच. पण त्यानं माझ्या घरात हात घातला.

खरं तर केंद्रावर येण्याआधीच घातला होता. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, दर साल दिवाळीनंतर कळप घेऊन गोदावरीकडे उतरायचे. तिकडचे शेतकरी रिकाम्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. लेंड्यांचं आणि मुताचं खत जमिनीला मिळायचं, आम्हाला धान्य. मी नगरला वसतिगृहात असताना एका साली आबांचा कळप बागाईतकराच्या घरच्या रानात बसला. हा तेव्हा कॉलेजात नापास होऊन घरी होता. कळप उठला तेव्हा हा पायांत चपला अडकवून कळपाबरोबर चालू लागला. तीन महिने चालला. शेवटी त्याचा बाप जीप घेऊन शोधत आला, तेव्हा हा एका मेंढीचं बाळंतपण करत होता, आणि जरा थांबा एवढंच बापाला म्हणाला. त्या तीन महिन्यांत आबांनी त्याला काय काय शिकवलं ते मला आबांनी कधी सांगितलं नाही. मला सुट्टीत भेटले तेव्हा फक्त म्हणाले होते, औंदा एक गडी सोबतीला हुता.

केंद्रावर आबा भेटायला आले की मला वाटायचं, मला भेटायला आलेत. पाच मिनिटं माझ्या टेबलासमोर अवघडून बसायचे, चहा घ्यायचे आणि मग शेडकडे जायचे. तिथून हसण्याचे आवाज यायचे. ते मला ‘सायब’ म्हणत. शिपायासमोर म्हणत, आईसमोर म्हणत, कौतुकानंच म्हणत असतील. आणि त्याला ‘लेकरा’.

त्याच्याकडे एक वही होती. मेंढरं असणाऱ्या प्रत्येक माणसाला तो एकच प्रश्न विचारायचा, तुम्ही मेंढरं कशासाठी पाळता? आणि उत्तर त्याच माणसाच्या शब्दांत लिहून घ्यायचा. सरकारला लोकर हवी म्हणून हे केंद्र होतं, त्यामुळे मला हा प्रश्नच खुळा वाटायचा. पण त्या वहीत काय काय होतं! कुणी घोंगडीसाठी, कुणी खतासाठी, कुणी जत्रेला कापायला, कुणी पोरांच्या दुधाला. सांगलीकडून आलेल्या एकानं त्याच्या उंच, पोपटनाक्या माडग्याळ जातीच्या मेंढ्याबद्दल सांगितलं होतं, ‘दारात उभा ऱ्हायला की घराला शोभा येते.’ एका विधवा बाईचं उत्तर होतं, ‘सांजच्याला घरी परतून येनारं कुनीतरी पायजे.’ तो ती उत्तरं आम्हाला वाचून दाखवायचा आणि वाचताना त्याचा आवाज बदलायचा. आबांना त्यानं विचारलं तेव्हा मी तिथंच होतो. आबांनी त्याला उडवून लावलं होतं. म्हणाले, हे काय इचारायचं असतं व्हय?

बाहत्तरच्या सुरुवातीला वरून आदेश आला. योजनेतल्या गावांत गावठी नर ठेवायचा नाही. सगळे काळे मेंढे खच्ची करायचे, केंद्राचे संकरित नर द्यायचे. बागाईतकर परदेशी मेंढ्यांच्या विरुद्ध नव्हता. एक मेरिनो न्यूमोनियानं गेला तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता. पण या आदेशानं तो हादरला. केंद्रप्रमुख साहेबांना म्हणाला, पांढरं करायचं तर करा, पण पुन्हा काळं करायची वेळ आली तर कुठून आणायचं? साहेब म्हणाले, आदेश आहे. साहेब वाईट नव्हते. त्यांच्यापुढे कागद होता.

माझं गाव माझ्याच यादीत होतं. आबांच्या कळपात काजळ्या नावाचा मेंढा होता. त्याची वेल आबांच्या वडिलांपासून चालत आलेली. तुळतुळीत काळा, मागं वळलेली शिंगं, आणि दिवसाला दहा कोस चालला तरी खूर फाटायचा नाही. आबा मला सांगायला येतील म्हणून मी वाट बघत राहिलो. मी मनात ठरवूनही टाकलं होतं की थोडे आढेवेढे घ्यायचे आणि मग तो एक नर यादीतून गाळायचा. मला फक्त त्यांनी एकदा विचारायला हवं होतं.

आबा आले नाहीत. ठरल्या दिवशी मी खच्ची करायचा चिमटा घेऊन गावात गेलो. सगळ्यांचे नर झाले, आमच्या कळपाशी आलो, तर काजळ्या नव्हता. आबा जमिनीकडे बघत म्हणाले, “त्यो गेला.”

कुठं गेला, ते मी विचारलं नाही. मेला असेल असं समजून मला खरोखर वाईट वाटलं.

आठवड्यानं मी आजारी जनावरांच्या शेडमध्ये औषधं मोजायला गेलो. ती शेड बागाईतकराकडे होती, मी सहसा जायचो नाही. कोपऱ्यात, गवताच्या भाऱ्यामागं, काजळ्या उभा होता. गळ्यात केंद्राचा बिल्ला. रजिस्टरात नोंद: खरूज, निरीक्षणाखाली. खरजेचा डागही नव्हता अंगावर.

मी सरळ बागाईतकराच्या खोलीवर गेलो. तो चराईला गेला होता. दार उघडंच असायचं. टेबलावर ती वही होती. मी ती का उघडली, मला सांगता येणार नाही. शेवटून तिसऱ्या पानावर आबांचं नाव होतं. म्हणजे पुढं कधीतरी, मी नसताना, आबांनी त्याला उत्तर दिलं होतं. एकच ओळ होती, ‘पोराला मेंढरामागं यायला लागू नये म्हनून.’

दुसरा कुणी असता तर त्या ओळीवर डोकं टेकून रडला असता. मला राग आला. ती ओळ माझी होती आणि ती दुसऱ्याच्या अक्षरात होती. माझ्या बापाच्या मनातलं मला कळायला या उसवाल्याची वही चोरून उघडावी लागत होती. मेंढाही त्याच्याकडे, शब्दही त्याच्याकडे. मी वही होती तशी ठेवली आणि साहेबांच्या बंगल्यावर गेलो. आजारी शेडमध्ये एक गावठी नर लपवलाय, नोंद खोटी आहे, असं सांगितलं. कुणाचा नर आहे हे सांगितलं नाही. तेवढी लाज शिल्लक होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब शेडमध्ये आले. बागाईतकरानं काही लपवलं नाही. नर आपणच आणला, म्हणाला. कुणाचा, ते त्यानंही सांगितलं नाही. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि आत्ता, इथंच, खच्ची करा म्हणून सांगितलं. बागाईतकरानं काजळ्याला बसवून धरलं. त्यानं माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“नीट लावा,” तो म्हणाला. “अर्धवट झालं तर जास्त दुखतं.”

मी नीट लावला. माझा हात या कामात चांगला होता.

बागाईतकराची राजूरला बदली झाली. ते डोंगरातलं, धो धो पावसाचं गाव. तिथं मेंढरू टिकत नाही, खुरं सडतात. त्याला कोंबड्यांचं काम दिलं. जाण्याआधी तो काजळ्याला घेऊन स्वतः आबांकडे पोचवून आला. तिथं काय झालं ते मला आबांकडून कळलं. बागाईतकरानं त्यांना सांगितलं होतं, ‘चूक माझीच, गप्पांच्या भरात माझ्याच तोंडून निघून गेलं.’

आबांनी हे मला सांगितलं तेव्हा माझ्या हातात भाकरी होती. खरं बोलायला ती वेळ होती. मी भाकरी खात राहिलो. आबा म्हणाले, आता त्येच्याशी आपलं काय न्हाई. आणि मला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, मला आनंद झाला.

त्या साली पाऊस आलाच नाही. केंद्रातल्या मेरिनोंना चारा आणता आणता आम्ही थकलो. एकेक करून ते गेले. आबा कळप घेऊन गोदावरीकडे उतरले, पण बागाईतकराच्या रानात बसले नाहीत. त्याच्या घरच्यांनी निरोप धाडला तरी दोन गावं पलीकडे बसले. आमच्या केंद्राच्या नरापासून झालेली पांढरी कोकरं त्या चालण्यात मागं पडली. त्यांचे पाय लवकर दुखावायचे. जी जगली त्यांची लोकर आबा घोंगडी विणणाऱ्याकडे घेऊन गेले, तर त्यानं हातात घेऊन परत दिली. लई मऊ हाय, म्हणाला, ह्यातून पानी आत येईल. पुढच्या वर्षी आबांनी उरलेली मेंढरं भावकीत देऊन टाकली आणि आईला घेऊन माझ्या क्वार्टरवर राहायला आले.

ते दीड वर्ष माझं सुखाचं गेलं. आबा ओट्यावर बसायचे, मी ऑफिसातून आलो की बोलायचे. सायब म्हणणं सुटलं, नावानं हाक मारायला लागले. मी एकदा धीर करून दख्खनी मेंढीची पारख विचारली, तेव्हा त्यांनी संध्याकाळभर सांगितलं. कपाळ कसं हवं, कान कसा, पायाचा सांधा कुठं चाचपायचा. मी वही घेऊन बसलो नाही, पण घ्यावीशी वाटली. मधूनच ते रस्त्याकडे बघायचे. कुणाची वाट बघताय, असं विचारायची माझी हिंमत नव्हती.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत त्यांच्या छातीत कफ साठला तो निघेना. डॉक्टरांनी मान हलवली. एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होतो. त्यांनी माझा हात बाजूला केला.

“त्येला बोलीव.”

कुणाला, हे विचारायची गरज नव्हती. मी वाटी खाली ठेवली. त्यांना मरताना तरी खरं कळायला हवं होतं, असं मी म्हणेन, पण तेही पूर्ण खरं नाही. तो येऊन सांगेल आणि मग आबा त्याचं ऐकतील, याची मला भीती वाटली. म्हणून मीच आधी बोललो.

“आबा, काजळ्याचं साहेबांना मी सांगितलं होतं. त्यानं नाही.”

आबा बराच वेळ खोकले. मग म्हणाले, “ठावं हाय.”

“कधीपासून?”

“त्यो आला तवाच. त्येला खोटं बोलाया येत न्हाई. मेंढ्याकडं बघून बोलत हुता, माज्याकडं बघून न्हाई.”

“मग त्याच्याशी बोलणं का टाकलं?”

“बोलत ऱ्हायलो आस्तो तर तुला कळलं आसतं, की मला ठावं हाय. मग तू माज्याम्होरं आला नसतास.”

तेवढ्या श्वासात त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. मला आधी विचारलं नाही ते माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही. मेंढा सापडला तर पोराची नोकरी जाईल, म्हणून. बागाईतकराच्या घरी ऊस होता. त्याची गेली असती तरी चाललं असतं.

मी त्याच दिवशी एसटीनं राजूरला गेलो. तो कोंबड्यांच्या खुराड्यापुढं उकिडवा बसला होता, आणि माझी खात्री आहे, तो त्यांच्याशी बोलत होता. मला बघून उठला. मी म्हटलं, आबांचं काही खरं नाही, तुम्हाला बोलावलंय. त्यानं हात धुतले आणि आहे त्या कपड्यांनिशी निघाला. गाडीत मी दोनदा बोलायला तोंड उघडलं. पहिल्यांदा त्यानं खिडकी लावून घ्या म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा आबा जेवतात का, ते विचारलं. मला जे बोलायचं होतं ते त्याला ऐकायचं नव्हतं, हे मला संगमनेरपर्यंत कळून चुकलं.

आबांनी त्याला बघितलं आणि पहिलं वाक्य विचारलं ते असं, “कोंबड्या तरी वळखतात का तुला?”

तो म्हणाला, “दोघी-तिघी वळखतात.”

आबा हसले. हसता हसता खोकले. त्यानं त्यांची पाठ धरली. मी चहा घेऊन दारात उभा होतो. अडीच वर्षं ते एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते, आणि त्या सगळ्या काळात दोघं मिळून एकच गोष्ट जपत होते. ती गोष्ट मी होतो. तरी मी दारातच होतो. मला आत जागा नव्हती असं नाही, आईनं मला दोनदा बस म्हटलं. पण मी चहा आईच्या हातात देऊन बाहेर गेलो.

आबा चौथ्या दिवशी गेले. शेवटी त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि पाय त्याच्या.

दहाव्याला आम्ही गावच्या ओढ्यावर जमलो. न्हाव्यानं माझं डोकं केलं. भावकीतले एकेक जण बसले, उठले. मी पाण्यातून बाहेर आलो आणि बघतो तर न्हाव्यापुढं बागाईतकर बसला होता, टोपी काढून, मान खाली घालून. न्हाव्यानं हात थांबवला. तो ना आमच्या जातीचा, ना भावकीचा. त्याचा स्वतःचा बाप कोपरगावात धडधाकट होता, आणि बाप जिवंत असताना कुणी असं डोकं करत नाही. चुलते माझ्याकडे बघू लागले. सगळेच बघू लागले. बागाईतकर कुणाकडेच बघत नव्हता.

त्याला उठवायला माझा एक शब्द पुरे होता. रीत माझ्या बाजूनं होती. आबांचा मुलगा मी होतो, एकटा, आणि हे दाखवायला याहून चांगली जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता, हे मी आजही नाकारत नाही.

“त्यांचंही करा,” मी न्हाव्याला म्हणालो.

आणि वस्तरा चालू झाला तेव्हा मला बघवेना, म्हणून मी ओढ्याकडे तोंड करून उभा राहिलो.